एक पन्नासांश

एजुसने पडदा चाळीस टक्क्यांवर आणला.
शोकसभा आहे, म्हणाला, मंद बरा दिसतो.
लिएपायाच्या त्या हॉलमध्ये एरवी बास्केटबॉल असतो,
फरशीवरच्या लाल-पिवळ्या रेघा
खुर्च्यांखाली तशाच होत्या,
आणि भिंतभर विस्वाल्दिस,
त्रेचाळीस वर्षं गायकवृंदापुढे उचललेले हात,
डोळे मिटायच्या बेतात.

बसलेल्यांना सगळं ठीक दिसत होतं.
माझ्या कॅमेऱ्यात मात्र
त्याच्या कपाळावरून हनुवटीकडे
काळे पट्टे सावकाश उतरत होते,
एकामागून एक.

तुझा कॅमेरा बिघडलाय, एजुस म्हणाला.

नव्हता बिघडला.
हे दिवे मंद होत नाहीत रे,
त्यांना ते येतच नाही.
पुरते पेटतात नाहीतर पुरते विझतात,
सेकंदाला शेकडो वेळा.
मंद म्हणजे कमी उजेड नव्हे,
मंद म्हणजे जास्त वेळ विझलेलं.
मधल्या फटी आपले डोळे लिंपून घेतात, न विचारता.
कॅमेऱ्याला तेवढी माया नाही.

शटर एक पन्नासांश.
एक साठांश.
मग एक भागिले पंचेचाळीस पूर्णांक काहीतरी.
चकती अंगठ्याने दाणा-दाणा फिरवत गेले,
जुन्या रेडिओवर परक्या देशाचं स्टेशन शोधावं तशी.
पट्टे रुंद झाले, थबकले,
मधेच उलटे वर चढू लागले.
पुढच्या रांगेतल्या बाईने माझ्याकडे वळून पाहिलं.
मी कुजबुजत शिव्या देत होते बहुतेक.

पट्टे गेले तर त्याच्या स्वेटरवर लाटा आल्या,
हिरव्या, जांभळ्या.
वडील बंदरावर जाळी वाळत घालायचे.
एकावर एक दोन जाळी, जरा वारं सुटलं
की तिसरीच एक नक्षी चालू लागायची,
जी कुठल्याच जाळ्यात नव्हती.
तिच्यात एकही हेरिंग कधी अडकला नाही,
आणि मी तासन् तास तीच बघत बसायचे.
दोन पावलं मागे सरले.
फोकस केसभर ढिला सोडला.
लाटा बसल्या.

एवढं होईतो महापौरांचं भाषण संपलं,
त्याचं मला काही वाटलं नाही.
मग वृंद उभा राहिला, सत्तर माणसं,
पुढे कुणी नाही.
ठरलंच होतं तसं, पडद्याकडे बघून गायचं.
पण पडद्यावरचा हात खाली येणार नव्हता.
सत्तर जणांनी श्वास घेतला आणि धरून ठेवला.
डावीकडच्या कुणीतरी म्हातारीने
आपलं आपण सुरू केलं, थोडं वरच्या पट्टीत,
बाकीचे तिच्यामागे, धावत बस गाठावी तसे.
माझं चित्र तेव्हा स्वच्छ होतं.
एकही रेघ नाही.

नवव्या दिवशी मिर्द्झा आली, ओला कोट न काढता बसली.
मी स्वच्छ भाग दाखवला.
छान आहे, म्हणाली. याच्या आधीचं?
आधीचं खराब आहे.
दाखव.

पट्टा कपाळावरून उतरला,
भुवयांशी आला,
डोळ्यांवरून गेला.
थांब, म्हणाली. मागे घे.
पुन्हा उतरला.
इथे, तिने काचेला बोट लावलं,
हात खाली आणायच्या आधी तो असाच डोळे मिटायचा.
फोटोवाल्याने क्षणभर घाई केली होती.

चार वेळा पाहिलं तिने.
दिव्यांचं मी काही बोलले नाही.
अकरा सेकंद कापून पेन ड्राइव्हवर दिले.
पैसे किती, तिने पर्स उघडत विचारलं.
बिघडलेल्याचे घेत नाही, म्हणाले.